दोन पडदे आणि तिसऱ्याची सही

घरातली चालती वस्तू "आता फेकून द्या हो" असं सांगणाऱ्या माणसाला आमच्या घरी यापुढे चहा मिळणार नाही. पाणी मिळेल. पाण्याला नाही म्हणू नये असे आमच्यावर संस्कार आहेत. पण चहा, आणि चहाबरोबरची चकली, हा विषय संपला. हा निर्णय मी एकट्यानं घेतलेला असून सौभाग्यवतींची त्याला मंजुरी अजून यायची आहे. परंतु हेड ऑफिसची मंजुरी येईलच असं धरून बँकेत जशी कामं सुरू होतात, तसा मी अंमल सुरू केला आहे.

हा फेकून-द्या मनुष्य प्रत्येक घरात येतो. आमच्याकडे तो सौ.चा धाकटा भाऊ होऊन येतो, तुमच्याकडे कदाचित जावई होऊन येत असेल. तो आल्या आल्या वस्तूकडे बघतो, तिच्यावर दोन बोटांनी टकटक करतो आणि विचारतो, "भाऊजी, कितीतला?" मी म्हणतो, "दोन हजार चौदा." त्यावर तो ओठ आवळून अशी काही मान हलवतो, की छातीचा एक्स-रे दिव्यापुढे धरलेला डॉक्टर बरा. "यात आता काही राम नाही हो." राम आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी माणसानं यंत्राचं बटण तरी दाबावं! पण नाही. वस्तूची कुंडली तिच्या जन्मसालावरून मांडायची, आणि मृत्युयोग दुकानदारानं सांगितलेला मान्य करायचा.

आमच्या घरात असं होत नाही. आमच्याकडे बनियनसुद्धा निवृत्त होत नाही, त्याची बदली होते. अंगावरून तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर जातो, ओट्यावरून खिडकीच्या गजांवर, तिथून स्कूटर पुसायला, आणि शेवटी पायपुसण्याच्या पोटात अस्तर म्हणून कायम होतो. अशा घरात अकरा वर्षांचा, दोन अधिक दोन आजही चारच सांगणारा संगणक भंगारात जाईल ही अपेक्षाच मुळी अव्यवहारी आहे.

आता आरोपपत्र वाचतो. ज्या प्रणालीवर आमचा संगणक चालत असे, तिच्या मालकांनी १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी तिला फुकट मिळणारे सुरक्षेचे सुधार बंद केले. घरगुती गिऱ्हाइकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक मुदतवाढ ठेवली, म्हणजे फाशी रद्द केली नाही, तारीख पुढे दिली. नवी प्रणाली घ्यावी, तर तिला टीपीएम नावाची एक चिप लागते आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. 'चौथी पिढी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पागोटं घातलेले खापरपणजोबा उभे राहतील. माझ्याही राहिले. आमच्या घराण्याची चौथी पिढी शोधायची, तर त्र्यंबकेश्वरला जाऊन उपाध्यायांच्या वह्या काढाव्या लागतात. संगणकाची चौथी पिढी २०१३ साली आली आणि आठवी २०१७ साली. चार वर्षांत चार पिढ्या! एवढ्या वेळात आमच्या शाखेतला पंखा बदलून मिळत नाही.

आता तुम्ही विचाराल, की बँकेतल्या माणसाला घरी संगणक कशाला लागतो, दिवसभर तेच तर बघता! बरोबर आहे. पण मी अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीचा खजिनदार करतात, जसं गाणं येणाऱ्या मुलीला प्रत्येक समारंभात स्वागतगीत म्हणायला लावतात. तिथे संमती विचारत नाहीत. आणि खजिनदाराला एक नव्हे, दोन पडदे लागतात. माझ्या मागणीचा हा जो दुसरा भाग आहे, त्यानं तर मेहुण्याला ठसकाच लागला. "दोन पडदे? तुम्ही काय शेअर बाजार चालवता?"

त्याला काय सांगणार! तो सायन्सचा. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूनं गणिताचा जाडजूड ग्रंथ छापला आणि व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत त्यात समजावून सांगितली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी हे नाव पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मात्र नोकरीत कळला. प्रत्येक नावेला जमा असते, डाव्या बाजूला उजवी असते, आणि सत्य म्हणून जे काही असतं ते या दोघी शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं. आमच्या बँकेतही एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती पास करायची, असा नियम आहे. तो माणसांवर अविश्वास म्हणून नाही. एका जोडी डोळ्यांना आपलीच चूक दिसत नाही, एवढ्यासाठी आहे.

एका पडद्यावर हिशेब ताडून पाहणं म्हणजे काय, ते ऐका. बँकेच्या उताऱ्यावरचा आकडा वाचायचा. तो डोक्यात धरायचा. खिडकी बदलायची. आकडा तोंडानं पुटपुटत वसुलीच्या वहीत त्याची जागा शोधायची. एवढ्यात दाराशी दूधवाला येतो आणि म्हणतो, "साहेब, चौदाशे वीस." संपलं! आता वहीत चौदाशे वीस शोधणं आलं. जगातला निम्मा गैरहिशेब लबाडीनं नव्हे, खिडकी बदलताना होतो, असं माझं वीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे. तेव्हा दोन पडदे ही चैन नव्हे. एक पडदा ही एकेरी नोंद आहे, आणि एकेरी नोंदीवर ऑडिटर सही करत नाही.

जुन्या प्रणालीची दारं बंद झाली तेव्हा मी लिनक्स घालायचं ठरवलं. हे नाव ऐकून सौ.ला ते खोकल्याचं औषध वाटलं. मेहुण्याला दुखणं वाटलं. प्रत्यक्षात ते एका वर्गणीच्या गणपतीसारखं आहे. १९९१ साली हेलसिंकीला शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलानं मूर्ती बसवली. १९९२ मध्ये त्यानं ती अशा परवान्याखाली दिली, की कोणीही यावं, आतलं सगळं बघावं, दुरुस्त करावं, घरी न्यावं. अट एवढीच, की वाटताना पुढच्यालाही तोच हक्क द्यायचा. मग जगभरचे कार्यकर्ते जमले. कोणी मांडव घातला, कोणी दिवे लावले. पुढे कंपन्यांनीही पगारी माणसं कामाला लावली, पण मूर्ती कोणाच्या घरी गेली नाही. 'हे हौशी लोकांचं काम, यावर काही चालतं का?' असं विचारणाऱ्यांसाठी एक नोंद: २०१७ सालच्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी निघाली, तेव्हा पाचशेच्या पाचशे याच्यावर चालत होते. आपल्या सीडॅकनंही २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय आवृत्ती काढली. आणि मेहुण्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही हाच आहे. आजारपण खिशात घालून तो मला पथ्य सांगत होता.

लिनक्स घालायला पाऊण तास लागला. तक्रार नाही. संगणक सुरू झाला, आणि पूर्वीपेक्षा चपळ झाला. बनियन धुऊन इस्त्री केल्यासारखा वाटला. प्रश्न पडद्यांचा होता. आमच्या यंत्राच्या पाठीला व्हीजीएचं एकच निळं छिद्र. ही व्हीजीएची सोय आयबीएमनं १९८७ साली आणली, म्हणजे माझ्या मुंजीच्या सुमाराची. जुना पडदा त्यावर चालत होता. दुसऱ्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवं. म्हणून मी लॅमिंग्टन रोडला गेलो.

लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं विचारलंत तर संगणकाऐवजी डॉक्टरचा पत्ता मिळेल. तिथे एक जुनं पण बरं कार्ड मिळालं. त्याला दोन छिद्रं: एक एचडीएमआयचं आणि एक डीव्हीआयचं. नवा पडदा एचडीएमआयवर जाणार. जुना व्हीजीएचा डीव्हीआयवर लावायला एक छोटा जोड लागतो, तो दुकानदारानं पुडीत बांधला. कार्ड त्याच्या समोरच होतं. मी विचारलं, "यह इसमें लगेगा?" तो म्हणाला, "साहब, सब में लगता है."

हे 'सब में लगता है' म्हणजे आपल्या व्यापाराचं ब्रीदवाक्य आहे. मिक्सरच्या भांड्याच्या वॉशरपासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळीकडे ते चालतं. डीव्हीआयचे दोन प्रकार असतात. एकात जुन्या पद्धतीच्या संदेशासाठी चार जादा टाचण्या असतात, दुसऱ्यात नसतात. आमच्या कार्डावरचं छिद्र बिनटाचण्यांचं, आणि जोडाला मात्र चारही टाचण्या खणखणीत. तो शिरणार कसा? तो शिरला तरी उपयोग नव्हता, कारण त्या छिद्रातून जुना संदेश निघतच नाही. मध्ये भाषांतर करणारी चिप असलेला डबा लागतो. तो मी पुढच्या शनिवारी आणला, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी बँकवाल्यांना कशासाठी असते हा जनतेचा प्रश्न त्यातून सुटावा. आणि हो, कार्ड बसल्याबरोबर पाठीवरचं जुनं निळं छिद्र आपणहून गप्प झालं. नवे मॅनेजर आल्यावर जुने हेडक्लार्क होतात तसं.

डबा लावला. दोन्ही पडदे उजळले! पण जुन्या पडद्यावरचं सगळं जाडं आणि फुगलेलं. गणपतीच्या सोंडेचीही पोळी झाली होती. त्याचं कारण मोठं गोड आहे. प्रत्येक पडदा जोडल्याबरोबर स्वतःची माहिती सांगतो: नाव, गाव, लांबी, रुंदी, किती वेगानं चित्र बदलेल. फक्त १२८ बाइटांचा मजकूर. वधूवर सूचक मंडळाचा फॉर्मही इतका आटोपशीर नसतो. आमच्या पडद्यानं तो प्रामाणिकपणे सांगितला असणार, पण मधल्या डब्यानं तो गिळला. मग ज्याचे कागदपत्र नाहीत त्याला सरकार जे देतं तेच लिनक्सनं त्याला दिलं, म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी: १०२४ बाय ७६८. आमचा पडदा १४४० बाय ९०० चा आहे हो! त्याची अवहेलना मला बघवेना.

इथे लिनक्सचं मला आवडलेलं वैशिष्ट्य येतं. त्याला हातानं सांगता येतं. 'सीव्हीटी' म्हणून एक आज्ञा आहे. तिला १४४०, ९०० आणि ६० हे तीन आकडे दिले की ती एक ओळ काढून देते. सुरुवातीला १०६.५० मेगाहर्ट्झ, मग १४४०, आणि पुढे आकडे वाढत वाढत १९०४ पर्यंत. मी क्लार्क. दिसतात १४४० आणि हिशेबात १९०४, मग हे वरचे ४६४ गेले कुठे, असा प्रश्न मला पडणारच. शोधलं. जुन्या नळीच्या पडद्यात एक ओळ काढून झाली की किरणाला परत डाव्या कडेला यायला वेळ लागायचा, त्याची ती तरतूद. आमच्या पडद्यात नळी नाही, किरण नाही, परतीचा प्रवास नाही. पण प्रवासभत्ता चालू आहे! मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

ती ओळ 'एक्सरँडआर' या आज्ञेला दिली, पडद्याला नवी श्रेणी लागू केली, आणि त्याच आज्ञेनं 'हा त्याच्या डावीकडे' असं बसवलं. सत्यनारायणाला गुरुजी यजमानांना उजवं-डावं बसवतात तसंच हे. फरक एवढाच, की इथे चुकीच्या बाजूला बसवलं तर माऊसचा बाण उजव्या कडेनं जातो आणि भिंतीला धडकून तिथेच राहतो. हे सारं एका छोट्या फायलीत लिहून ठेवलं, की संगणक रोज सकाळी स्वतःच वाचून तसं बसतो. २००७ च्या आधी हेच करायला एक लांबलचक फाईल हातानं लिहावी लागे आणि एक कंस चुकला की अंधार. त्या मानानं आमची पिढी सुखात आहे. नेहमीच्या पडद्यांना तर आता काहीच लिहावं लागत नाही. दोन चौकोन दिसतात, ते माऊसनं ओढून ठेवायचे.

इथवरचा त्रास हा त्रास नव्हे. वस्तू आणि माणूस यांची ती ओळखपरेड आहे. माझं भांडण पुढे आहे.

कार्ड चालवायला एक चालक लागतो, म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. आमच्या कार्डासाठी असे दोन. एक स्वयंसेवकांनी केलेला, त्याचं नाव 'नूव्हो'. ही फ्रेंच भाषा असून अर्थ 'नवा' असा आहे. कार्डाच्या कंपनीनं आतली माहिती दिली नाही म्हणून या मंडळींनी कार्डाला प्रश्न विचारून, त्याची उत्तरं टिपून, बाहेरून आतलं ओळखून हा चालक लिहिला. बंद पाकिटावरून पत्र वाचण्याचा प्रकार. दुसरा चालक कंपनीचा स्वतःचा. तो फुकट मिळतो, पण आत काय लिहिलं आहे हे बघायची परवानगी नाही. पाकीट घ्या, उघडू नका.

नूव्होवर दोन्ही पडदे चालले, पण कार्ड पहिल्या गिअरमध्ये. शिवाजी पार्कात गाडी शिकणाऱ्यासारखं. का? तर २०१४ नंतर त्या कंपनीनं अशी व्यवस्था केली, की कार्डाच्या आतल्या ज्या प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही आहे, त्याच्याच हातून वेग वाढतो. आमच्या पिढीच्या कार्डाचा वेग वाढवायला लागणारा सहीचा मजकूर कंपनीनं स्वयंसेवकांना दिलाच नाही. मुद्दा नीट लक्षात घ्या. कार्ड माझं. पावती माझ्या नावावर. वीज माझी, बिल मी भरतो. पण वेग वाढवायचा तर सही तिसऱ्याची!

मी आयुष्यभर सह्या जुळवण्याचं काम केलं आहे. सहीचं माहात्म्य मला कोणी शिकवू नये. चेकवर सही लागते ती खातेदाराची. चेकबुक छापणाऱ्या छापखान्याची नव्हे. लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची, हेही मला ठाऊक आहे. पण लॉकर भाड्याचा असतो. कपाट तुम्ही विकत घेतलंत, हातगाडीवरून घरी आणलंत, तिसऱ्या मजल्यावर चढवलंत, आणि कपाटवाला म्हणाला, की वरचा कप्पा उघडायचा असेल तेव्हा मला बोलवा, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? जे म्हणाल ते या पुस्तकात छापता येणार नाही. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात भर सभेत लिनस टोरवाल्ड्सनी एका बड्या कार्ड-कंपनीचं नाव घेऊन कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. कुठलं बोट ते विचारू नका. मी बँकेतला माणूस, आमच्याकडे फक्त अंगठा घेतात. पण भावना पोचली.

कंपनीचा चालक तरी बरा असेल, म्हणून तोही घालून पाहिला. संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा आला आणि त्यानं मला यंत्राच्या मालकाची किल्ली नोंदवा म्हणून सांगितलं. 'मशीन ओनर की' असंच तिचं नाव आहे. मला बरं वाटलं. अकरा वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच मालक म्हटलं. घरात हा शब्द माझ्यासाठी वापरत नाहीत. किल्ली नोंदवली, कार्ड पळू लागलं. पंधरा दिवसांनी लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती आली. कंपनीच्या चालकाचा जोड तिच्याशी बसला नाही आणि दोन्ही पडदे काळे. म्हणजे दोन पडद्यांमुळे अंधारही दुप्पट. गाभा उघडा आहे, त्यात काय बदललं ते जगाला दिसतं. चालक बंद आहे, तो कुठे अडला ते फक्त कंपनीला दिसतं. माझी बाजू मला दिसते, त्याची बाजू त्याला दिसते, आणि ताळा कोणाला जुळवता येत नाही. एकेरी नोंद!

आता दुसरी बाजू. (आमच्यात दुसरी बाजू मांडल्याशिवाय खातं बंद करत नाहीत.) कंपनीच्या बाजूनं बोलणारे सांगतात, की धंद्यातली गुपितं असतात, ती उघडी कशी करायची? रास्त. पण मग एएमडीनं २००७ पासून आपल्या कार्डांची माहिती द्यायला सुरुवात केली आणि तिचा उघडा चालक २०१५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात बसला, तो कसा? इंटेलचे चालक उघडे आहेत, ते कसे? त्यांचा धंदा बुडाला नाही. माझ्या कार्डाच्या कंपनीनंही २०२२ च्या मे महिन्यात चालकाचा एक भाग उघडा केला. आभारी आहे. पण तो २०१८ पासूनच्या पिढ्यांपुरता, आणि माझं कार्ड त्याच्या आधीचं. वर २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की चालकाच्या पुढच्या नव्या मालिकेत या पिढीला जागा नाही. म्हणजे जुन्याला किल्लीही द्यायची नाही आणि सेवाही द्यायची नाही. गुपित जपायचं कोणापासून? ज्या दुकानात आता ती वस्तू विकायचीच नाही, त्या दुकानाला कुलूप कशाला?

दोन शब्द लिनक्सवाल्यांनाही सुनावतो, नाहीतर पक्षपात होईल. माझा भाचा हिंजवडीला असतो. तो दर वेळी फोनवर म्हणतो, "मामा, सोप्पं आहे." बाबा रे, जे तुला सोपं आहे ते तू सोपं करून ठेवलेलं नाहीस, तू ते पाठ केलेलं आहेस. अडलेल्या माणसाला "आधी माहितीपुस्तक वाच" म्हणून हाकलणं आणि काउंटरवरच्या आजोबांना "स्लिप नीट भरून आणा" म्हणून हाकलणं, यांत काही फरक नाही. आम्ही दुसरं केलं की पेपरात पत्रं येतात. तुम्ही पहिलं केलं की त्याला ज्ञान म्हणतात. उघड्या घरात पाहुणा आला तर निदान दिव्याचं बटण कुठे आहे ते सांगावं.

मेहुण्याचा शेवटचा हुकमी एक्का असा: "भाऊजी, तुमचे चार शनिवार-रविवार गेले. तासाचा हिशेब केलात तर नवा संगणक आला असता." हा हिशेब वरवर बिनतोड आहे. पण त्यात एक गफलत आहे. माझ्या रविवारी मला कोणी पगार देत नाही. तो मी एरवी मेहुण्याचं बोलणं ऐकण्यात घालवतो. आणि या वेळचा रविवार कुठे गेला, ते सांगतो.

आमच्या सोसायटीत ३०२ मध्ये एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या नावावर एका महिन्याच्या मेन्टेनन्सची थकबाकी निघाली होती. रक्कम २,७५०. त्यावर व्याज. कमिटीच्या आधीच्या मंडळींनी त्यांना नोटीस दिली होती. आजी दर वेळी जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "मी भरले हो, नक्की भरले." आणि सगळे म्हणायचे, "आजींना आता आठवत नाही." नूव्होच्या पहिल्या गिअरमध्ये, डाव्या पडद्यावर बँकेचा उतारा आणि उजव्यावर वसुलीची वही लावून मी ओळीला ओळ लावत बसलो. ९ तारखेला २,७५० जमा होते. वहीत त्याच तारखेला २०३ च्या नावावर दोनदा जमा होते. आमच्या धंद्यात एक जुनी खूण आहे: फरकाला नवानं पुरा भाग गेला, की आकडे उलटे पडलेत का ते बघावं. ३०२ वजा २०३ म्हणजे ९९. लिहिणाऱ्यानं आकडे फिरवले होते. आजींची आठवण पक्की होती. विसरली होती ती वही.

व्याज माफ झालं, नोटीस परत घेतली. आजींनी काही भाषण केलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बघा!" पण दीड वर्ष एका बाईला जिन्यातून मान खाली घालून जावं लागलं, आणि कारण काय, तर दोन कागद कोणी शेजारी शेजारी ठेवले नाहीत. त्या कामाला वेगवान कार्ड लागत नव्हतं, आठवी पिढी लागत नव्हती. लागत होते ते दोन पडदे, आणि भंगारात काढलेल्या संगणकावर ते चालले. कार्ड अजून पहिल्या गिअरमध्येच आहे. कंपनीचा चालक मी काढून टाकला. हिशेबाला घाई नसते.

आपल्याकडे ग्राहक मंत्रालयानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल वगैरे, घरगुती उपकरणं आणि मोटारी असे चार विभाग तिनं निवडले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळही सुरू झालं. चांगली गोष्ट आहे. पण सुट्या भागांइतकाच हा चालकांचा आणि सह्यांचा विषय आहे, हे कोणीतरी तिथे सांगायला हवं. नुसता स्क्रू मिळून भागत नाही. स्क्रू फिरवायला आता परवानगी लागते.

माझी मागणी क्रांतिकारक नाही. कंपन्यांनी गुपितं जन्मभर उघडी ठेवावीत असं मी म्हणत नाही. विकताय, सेवा देताय, तोवर ठेवा किल्ली. पण ज्या दिवशी 'आता या वस्तूची सेवा बंद' असं जाहीर कराल, त्या दिवशी चार्ज द्या. आमच्या बँकेत कॅशियरची बदली झाली, की तो रजिस्टरमध्ये लिहून, सही करून, तिजोरीच्या किल्ल्या पुढच्याच्या हातात देतो आणि मग एस.टी. पकडतो. किल्ल्या खिशात घालून कोणी परस्पर नव्या गावी निघून गेला, तर बँक त्याला निलंबित करते. बाजारात असं केलं, तर त्याला नवी आवृत्ती म्हणतात.